किडनीचा रिपोर्ट लपवायचा नसतो, वाचायचा असतो



१ जूनपासून समुद्रातली मासेमारी बंद होते. बोटी वर ओढल्या जातात, इंजिन उघडलं जातं, फळ्यांची डागडुजी होते, जाळी शिवली जातात. ही तपासणी कुणी सांगावी लागत नाही. भर समुद्रात इंजिन बंद पडलं की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. पण त्या बोटीवर जाणाऱ्या माणसाची तपासणी कोण करतं? आज आम्ही त्यातल्या एकाच गोष्टीवर लिहितोय. किडनीचा आजार असलेल्या माणसाचा रक्ताचा रिपोर्ट, आणि तो रिपोर्ट आपल्याकडे ज्या तऱ्हेने लपवला जातो, ती पद्धत.

खलाशाला थकवा येतो, पाय सुजतात, कुणीतरी रक्त तपासायला सांगतं. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिनच्या आकड्यापुढे 'जास्त' अशी खूण असते. तो कागद घरात कपाटात जातो. तांडेलाला सांगायचं नाही, शेठला सांगायचं नाही, कारण हंगामाला बोटीवरची जागा जाईल. पोरीचं लग्न ठरायचं असेल तर सोयऱ्यांना कळू द्यायचं नाही. बोटवाल्याची बाजूही खोटी नाही. त्याच्या कानावर 'किडनी खराब' एवढे दोनच शब्द येतात. समुद्रात माणसाला काही झालं तर जबाबदारी त्याच्यावर, म्हणून तो दुसरा माणूस बघतो. एक भीतीने लपवतो, दुसरा भीतीने काढून टाकतो. आणि दोघांनीही तो कागद नीट वाचलेला नसतो.

आमचं म्हणणं एवढंच आहे की हा कागद वाचता आला तर दोघांचीही भीती जागेवर येते. कुणाला काम करता येईल, कुणाला हलकं काम द्यावं, आणि कुणाला आजच्या आज दवाखान्यात न्यावं, हे त्या आकड्यांवरून बरंचसं कळतं.

कडोदऱ्यात राहणाऱ्या आपल्या घरांची अडचण आणखी एक आहे. एक भाऊ उकाईच्या पाण्यावर, दुसरा समुद्राच्या बोटीवर, तिसरा इथल्या मिलमध्ये, अशी आपली घरं विखुरलेली. रिपोर्ट छापलेला असतो इंग्रजीत. डॉक्टर समजावतात गुजरातीत नाहीतर हिंदीत. घरात बोलणं मराठीत किंवा अहिराणीत. एवढ्या भाषांतून गाळून पेशंटच्या हातात काय उरतं? 'क्रिएटिनिन वाढलंय, पथ्य करा.' किती वाढलं, कधीपासून, पुढे काय, हे विचारायचं राहूनच जातं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

क्रिएटिनिन म्हणजे काय

आपले स्नायू रोज काम करतात, त्यातून क्रिएटिनिन नावाचा कचरा रक्तात येतो. किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. किडनीची चाळणी कमजोर झाली की हा कचरा रक्तात साचतो आणि आकडा वाढतो. साधारण पुरुषांत ०.७ ते १.३ आणि बायकांत ०.६ ते १.१ हा नेहमीचा पल्ला धरतात. लॅबप्रमाणे थोडा फरक असतो.

पण हा आकडा एकटा फसवतो. कचरा स्नायूंतून येतो, म्हणजे जाळं ओढून दंड कमावलेल्या पोराचं क्रिएटिनिन मुळातच थोडं जास्त असू शकतं, आणि वाळलेल्या म्हातारीचं किडनी खराब असूनही कमी दिसू शकतं. म्हणून क्रिएटिनिनवरून, वयावरून आणि बाई की पुरुष यावरून एक हिशोब करतात. रिपोर्टवर तो 'ईजीएफआर' नावाने येतो. किडनी साधारण किती टक्के काम करते असं ढोबळपणे समजायला हा आकडा बरा.

उदाहरण घ्या. दोघांचं क्रिएटिनिन १.३ आहे. एक २५ वर्षांचा खलाशी, एक ६५ वर्षांची मासळी विकणारी मावशी. आज वापरात असलेल्या हिशोबाने खलाशाचा ईजीएफआर ७८ च्या आसपास येतो आणि मावशीचा ४५ च्या आसपास. आकडा तोच, पण मावशीची किडनी निम्म्यावर आलेली आहे. खलाशाला बहुतेक फक्त लघवीची तपासणी आणि पुन्हा एकदा रक्त तपासणं पुरेल. मावशीला किडनीच्या डॉक्टरांकडे जायला हवं. म्हणून लॅबमध्ये सांगायचं, 'क्रिएटिनिनसोबत ईजीएफआर पण छापून द्या.'

ईजीएफआरचे टप्पे असे आहेत:

९० च्या वर: पहिला. लघवीत प्रथिन जात असेल किंवा किडनीत दुसरा दोष असेल तरच आजार म्हणायचा.
६० ते ८९: दुसरा. इथेही तसंच.
३० ते ५९: तिसरा. यात ४५ च्या वर आणि ४५ च्या खाली असे दोन भाग.
१५ ते २९: चौथा.
१५ च्या खाली: पाचवा.

आणि महत्त्वाचं, एका रिपोर्टवर जुनाट आजार ठरत नाही. ही अवस्था तीन महिन्यांहून जास्त टिकली तरच 'क्रॉनिक' म्हणतात. जुलाब-उलट्या झाल्या, उन्हात दिवसभर पाणी न पिता काम केलं, आदल्या रात्री मटणाचं किंवा मासळीचं दणकून जेवण झालं, तरी क्रिएटिनिन तात्पुरतं वाढलेलं दिसू शकतं. म्हणून तपासणीच्या आदल्या रात्री आणि त्या सकाळी मासळी-मटण नको.

आकडा किती, यापेक्षा कुठल्या बाजूला चाललाय

एका ठिकाणी वाव टाकून खोली मोजली तर तेवढ्याच जागेची खोली कळते. तळ चढतोय की उतरतोय हे कळायला चार ठिकाणी मोजावं लागतं. रिपोर्टचंही तसंच. वर्षभराचे चार रिपोर्ट शेजारी ठेवले की आजार थांबलाय, हळू चाललाय की धावतोय ते दिसतं.

इथे एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. ५० वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १ वरून २ झालं तर आपण म्हणतो, 'दोनच तर आहे.' पण हिशोबाने त्याचा ईजीएफआर ९२ च्या आसपास होता तो ४० वर आला. निम्म्याहून जास्त गेलं. त्याच माणसाचं ६ वरून ७ झालं की सगळं घर रडायला लागतं, पण तिथे ईजीएफआर ११ वरून ९ होतो. म्हणजे खरी हानी सुरुवातीच्या छोट्या आकड्यांत होते, जेव्हा दुखत काहीच नाही. धावपळ करायची वेळ तीच असते. आपण मात्र पाय सुजल्यावर धावतो.

अजून एक. बीपीच्या काही औषधांनी, जसं रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन, सुरुवातीच्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं चढतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, कारण तीच औषधं पुढे किडनी वाचवतात. आकडा बघून घाबरून गोळी स्वतःच बंद करणारे आपल्यात पुष्कळ. गोळी बंद करायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. जुलाब-उलट्या लागल्या असतील तेव्हाही फोन करा, कारण अशा वेळी काही गोळ्या थोडे दिवस थांबवाव्या लागतात.

रक्तातले बाकीचे आकडे

पोटॅशियम. सगळ्यात आधी हा आकडा बघा. ३.५ ते ५ साधारण ठीक. ५.५ च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ६ च्या वर असेल तर थांबायचं नाही, दवाखान्यात जायचं, कारण हृदयाचे ठोके बिघडून माणूस अचानक जाऊ शकतो आणि आधी काही जाणवेलच असं नाही. कधी रक्त काढताना किंवा नेताना पेशी फुटल्या तर आकडा खोटाच वाढतो, तेव्हा डॉक्टर लगेच परत तपासतात. पण तो खोटा आहे हे आपण घरी बसून ठरवायचं नाही. पोटॅशियम वाढलेल्याने शहाळ्याचं पाणी पिऊ नये. आणि 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून जे विकतात त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. निरोग्याला चालेल, किडनीच्या पेशंटला विष होऊ शकतं.

युरिया. हा प्रोटीनचा कचरा. काही लॅब 'युरिया' छापतात, काही 'बीयूएन' छापतात. दोन्ही वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. बीयूएनला साधारण २.१४ ने गुणलं की युरिया येतो. लॅब बदलली, बीयूएन ३० चा युरिया ६४ झाला आणि घरात रडारड, असं होऊ देऊ नका.

हिमोग्लोबिन. किडनी रक्त बनवायचा इशारा देणारं द्रव्य तयार करते. ते कमी पडलं की रक्त कमी होतं. 'अंगात ताकद नाही, जाळं ओढवत नाही' यामागे पुष्कळदा हेच असतं, आणि यावर लोह आणि इंजेक्शनचा इलाज आहे. बिटाचा रस पिऊन हे भरत नाही, उलट बिटातही पोटॅशियम असतं.

फॉस्फरस आणि कॅल्शियम. फॉस्फरस साधारण २.५ ते ४.५. वाढला की अंगाला खाज सुटते, हाडं कमजोर होतात, रक्तवाहिन्या कडक होतात. काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या सुक्या मासळीत फॉस्फरस भरपूर असतो.

बायकार्बोनेट. रक्त आंबट होतंय का ते यावरून कळतं. २२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारा.

आणि लघवीची तपासणी. रक्ताइतकीच ही महत्त्वाची. लघवीतल्या अल्ब्युमिनचं प्रमाण ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे इशारा, ३०० च्या वर म्हणजे चाळणी चांगलीच फाटलीय. रक्तातला आकडा चांगला असताना लघवी आधी सांगते. ही तपासणी आपल्यातले फार थोडे लोक करतात.

आपल्या धंद्यातल्या खास गोष्टी

कंबर धरली, खांदा आखडला की आपण मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असिक्लोफेनॅकच्या गोळ्या आणतो आणि बोटीवर पाकीटच ठेवतो. वर ऊन, पाणी जपून प्यायचं. पाणी कमी आणि गोळी वर, हे किडनीला दोन्हीकडून मारतं. ज्याची किडनी आधीच कमजोर आहे त्याने ही गोळी घेऊच नये, डॉक्टरांकडून दुसरी मागावी.

सुकट, सुके बोंबील, खारवलेली मासळी हे आपलं पावसाळ्यातलं जेवण. पण मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा, तेही सगळं धरून. खारं खाऊन बीपी वाढतो आणि बीपी किडनी खातो. अधूनमधून सुकट खायची तर धुवून, थोडी, आणि वरून मीठ नाही. फॉस्फरस वाढलेला असेल तर तेवढीही डॉक्टरांना विचारून.

आणि गोड्या पाण्यातल्या मंडळींसाठी. रोहू, कटला या माशांचं पित्त कच्चं गिळलं की साखर उतरते, डोळे सुधारतात, अशी समजूत आहे. हे करून निरोगी माणसांच्या किडन्या दोन-चार दिवसांत बंद पडल्याच्या नोंदी भारतात आणि आशियातल्या दुसऱ्या देशांत आहेत. पित्तातल्या विषाने हे होतं. शिजवूनही भरवसा नाही. फेकून द्यायचं.

ज्याला साखर नाही, बीपी नाही, त्याला किडनीचा आजार होणारच नाही असं समजू नका. गोव्यातल्या काणकोण तालुक्यात आणि आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम भागात किडनीचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला, आणि त्यातल्या कित्येकांना साखर किंवा बीपी हे कारण नव्हतं. दोन्ही भाग समुद्रकाठचे, उन्हात राबणाऱ्या लोकांचे. संशोधकांना तिथे एकच एक कारण सापडलेलं नाही. उन्हात राबणाऱ्याने स्वतःची तपासणी करून घ्यावी, एवढा धडा आपल्याला पुरे.

डायलिसिसची भीती

'क्रिएटिनिन ५ झालं म्हणजे डायलिसिस' असं आपल्यात ठाम बोललं जातं. तसं नाही. डायलिसिस एका क्रिएटिनिनवर ठरत नाही. ईजीएफआर फार खाली गेलाय, आणि सोबत मळमळ, धाप, अंगात पाणी, पोटॅशियम ताब्यात येत नाही, असं सगळं बघून डॉक्टर ठरवतात. पण तयारी आधी लागते. ईजीएफआर ३० च्या खाली गेला की डाव्या हाताने काम न करणाऱ्याने डाव्या हाताच्या शिरा जपायच्या, रक्त काढायला, सलाइन लावायला उजवा हात द्यायचा. पुढे त्याच डाव्या हातावर फिस्टुला करतात, आणि मग त्या हाताने जड जाळं ओढता येत नाही. हे आधी माहीत असलं तर माणूस दुसरं काम शिकून घेतो. ईजीएफआर २० च्या आसपास आला की किडनी बदलण्याबद्दलही विचारून ठेवायचं.

पैशांची काळजी असते ती कळते. डायलिसिस आयुष्मान कार्डावर योजनेतल्या दवाखान्यात होतं. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून सुरू आहे, त्यात गरिबांना जिल्हा रुग्णालयांतून मोफत डायलिसिस देतात. सुरतेत नवी सिव्हिल आणि स्मीमेर ही सरकारी आणि महापालिकेची मोठी रुग्णालयं आहेत, अहमदाबादेत सिव्हिलच्या आवारात किडनीची मोठी सरकारी संस्था आहे. ज्यांचं रेशनकार्ड महाराष्ट्रातलं आणि राहणं गुजरातेत, त्यांनी आपलं कार्ड कुठे चालतं हे आजारी पडायच्या आधीच विचारून ठेवावं.

बोटमालकांना आमचं सांगणं

तिसऱ्या टप्प्यातला, बीपी ताब्यात असलेला, पोटॅशियम ठीक असलेला माणूस अनेकदा वर्षानुवर्षं काम करतो. त्याला पाणी प्यायला मोकळीक द्या, दुखीच्या गोळ्या देऊ नका, दर तीन महिन्यांनी तपासणीला सुट्टी द्या. चौथ्या टप्प्यातल्याला लांब पल्ल्याच्या खेपेवर नेऊ नका, पण घरी बसवू नका. बर्फाचा हिशोब, डिझेलची नोंद, लिलाव, जाळी शिवणं, एवढी कामं काठावर आहेत. कुणाला कुठलं काम झेपेल हे त्याच्या डॉक्टरांनी सांगावं, शेजाऱ्याने नाही. वीस वर्षं तुमचं जाळं ओढलेल्या माणसाला एका कागदावरून काढलं, तर दुसऱ्या दिवशी बाकीचे दहा खलाशी आपले कागद लपवतील. मग भर समुद्रात काय होईल याची खरी जबाबदारी येईल, कारण तुम्हाला काही माहीतच नसेल.

आणि खलाशी भावांनो, पोटॅशियम ६ असताना बोटीवर चढणं ही मर्दुमकी नाही. किनाऱ्यापासून एक दिवस लांब असताना हृदय बिघडलं तर तांडेल काय करणार?

संस्थेकडून आम्ही काय मागतोय

एक. मासेमारी बंदीच्या काळात ४० वर्षांवरच्या प्रत्येक सभासदाची, आणि साखर, बीपी किंवा घरात किडनीचा आजार असलेल्या प्रत्येकाची, क्रिएटिनिन, ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन अशी तपासणी व्हावी. बायकांचीही. त्या घरच्यांना वाढून मागे उरलेलं खातात, आणि दवाखान्यात सगळ्यांत शेवटी जातात.

दोन. प्रत्येक पेशंटची एक वही. तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, लघवी, बीपी, वजन. एका ओळीत एक तपासणी. जमलं तर लॅब एकच ठेवा. डॉक्टर बदलले तरी वही तीच.

तीन. शिकलेली पोरं-पोरी प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांनी पेशंटसोबत जायचं आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायचे: मागच्या वेळेपेक्षा काय बदललं? यातला कुठला आकडा आज सगळ्यात काळजीचा? पुढची तपासणी कधी?

चार. तपासणीचा कागद त्या माणसाच्या मालकीचा. संस्थेने तो कुणाला दाखवायचा नाही. आणि ज्याने स्वतःहून सांगितलं त्याची जागा त्या हंगामाला जाणार नाही, असा ठराव सभेत व्हावा. हा ठराव नसेल तर वरच्या तिन्ही गोष्टी कागदावरच राहतील.

यात औषध सांगितलेलं नाही, ते डॉक्टरांचं काम. काढे, भस्मं, 'किडनी साफ' करणाऱ्या पुड्या घेऊ नका, त्यातल्या काहींत जड धातू असतात.

पुढच्या सभेत चौथ्या मुद्द्यावर मत द्यायला या. बोटमालकांनी जरूर यावं, त्यांच्या हरकती तिथेच मांडाव्यात. आणि कपाटात जुना रिपोर्ट पडला असेल तर आज तो बाहेर काढून त्यावरची तारीख बघा. सहा महिन्यांच्या वर झाले असतील तर पुन्हा तपासायची वेळ झाली.

आपलेच,
संस्थेची मंडळी, कडोदरा